बायकांकडची पहिली रांग

तंजावुरात मोकळ्या जागेवर तुंडू टाकला, की तिथं माणूस बसला असं धरतात. तुंडू म्हणजे खांद्यावरचा पंचा. महाराष्ट्रात लोक एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच हे, फक्त आमच्याकडे हा नियम बसपुरता नव्हता. लग्नाच्या पंगतीत, देवळातल्या कथेला, रेशनच्या दुकानापुढं, सगळीकडे तुंडू चालायचा. कुंभकोणमला जाणाऱ्या बसमध्ये एकदा एक पोलीस अंमलदार तासभर उभा राहिला, पण शेजारच्या सीटवरचा मळका तुंडू त्यानं उचलला नाही. तुंडूचा मालक कुंभकोणम आलं तरी प्रकट झाला नव्हता. मला आजही हा नियम फार चांगला वाटतो. एवढा साधा, कुणी न लिहिलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम पाहिला, की त्यावर धंदा करायची बुद्धी कुणाला होते तेही मला चांगलं ठाऊक आहे, कारण ती मला झाली होती.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा मराठी बोलणारी पुष्कळ घरं होती. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि वडीलमाणसं रागावली की इंग्रजी. लिहिता-वाचता मराठी मला लग्नानंतर पुण्यात आलं, तोवर माझी मराठी फक्त कानांची होती. गल्लीच्या टोकाला संगीत सभेचा हॉल होता. वर पत्रा, खाली लाल सिमेंटची जमीन, पंखे सहा आणि त्यांतले फिरणारे चार. मागच्या बाजूला देणगीदारांसाठी सोफे, मधे डॉक्टर-वकिलांसाठी खुर्च्या, आणि सगळ्यांत पुढं, स्टेजच्या पायाशी, जमखाना अंथरलेली जमीन. या जमिनीच्या तिकिटाला ‘तरै टिकीट’ म्हणत आणि त्याची किंमत होती एक रुपया. सभेचे सेक्रेटरी माधवराव हे चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. ही उलटी मांडणी त्यांचीच. ते म्हणत, सोफ्यावर बसणारा माणूस दिसायला येतो, तो मागूनही दिसतो. जमिनीवर बसणारा ऐकायला येतो, त्याला पुढं बसू द्या. सगळ्या शहरात हे बोलायची हिंमत असलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला, आणि त्यालाही पुढं लोकांनी वेड्यात काढलं.

आमचे अप्पा सभेच्या कमिटीत होते. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात क्लार्क, पण रविवारी जेवायला बसले की ते अर्थमंत्री होत. पानात रसवांगी पडायची, डांगराची पचडी पडायची, आणि अप्पांचं ठरलेलं व्याख्यान सुरू व्हायचं. एक रुपयाचं तिकीट बाहेर वीसला विकलं जातं, याचा अर्थ त्याची किंमत वीस आहे. माधवराव मूर्ख आहेत. सभेनंच वीस घ्यावेत, मग ब्लॅक करणारा आपोआप उपाशी मरेल. हे बोलताना त्यांच्या शर्टाच्या खिशात कमिटीचा फुकट पास असायचा, सोफ्याचा. फुकट बसणाऱ्या माणसांना तिकिटाच्या खऱ्या किमतीची फार काळजी असते, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे. परवा माझ्या नातीनं चेन्नईतल्या कुठल्याशा कार्यक्रमाचं तिकीट फोनवर काढायला सकाळ घालवली. आधी रांग, मग ‘सोल्ड आउट’, आणि दहा मिनिटांत तेच तिकीट दुसऱ्या साइटवर पाचपट भावानं. वर सोयीबद्दलचा आकार वेगळा. तिचा नवरा कॉफी पीत मला समजावत होता, की आजी, याला मागणी म्हणतात. मला अप्पा आणि रसवांगी आठवली. मी त्याला विचारलं, तुला कंपनीकडून पास मिळालाय का? मिळाला होता.

जमिनीच्या जागांना नंबर नव्हते, तिथं तुंडूचं राज्य होतं. दुपारी हॉल झाडून दारं उघडली, की ज्यांच्याकडे तिकीट असेल त्यांनी जायचं, तुंडू टाकायचा, घरी येऊन कॉफी प्यायची आणि गाण्याच्या वेळेला जायचं. हे सगळं सुरळीत चालू असताना त्यात कण्णन शिरला. राजवाड्याच्या फाटकाजवळ त्याचं सायकल स्टँड होतं. तो चारदोन रिकामटेकड्यांना रांगेत उभं करून तरै टिकिटं गोळा करायचा, दुपारी हॉलमध्ये पंचे पसरायचा आणि संध्याकाळी मोटारीतून उतरणाऱ्यांना तिकीट आणि पंचा मिळून विकायचा. ‘लाल चौकडीचा, तिसऱ्या रांगेत’ असं सांगितलं की गिऱ्हाईक आत जाऊन बरोबर त्या चौकडीवर बसे. गंमत म्हणजे कण्णनचा मला तेवढा तिटकारा नाही, जेवढा त्याच्या गिऱ्हाइकांचा आहे. मद्रासहून येणारे रेशमी काठांचे ते मोठे लोक! संगीत हे पैशापलीकडचं आहे, असं एकमेकांना सांगत ते रुपयाच्या जमिनीला पंचवीस मोजत, आणि परत गेल्यावर आपण कसे साध्या माणसांबरोबर खाली बसून ऐकलं, हे कौतुकानं सांगत. ज्या साध्या माणसाच्या जागेवर ते बसलेले असत, तो बाहेर खिडकीपाशी उभा असे.

पण बायकांकडची बाजू कण्णनच्या हाती लागली नव्हती. हॉलच्या मधोमध सुंभाचा दोर बांधलेला असे, डावीकडे बायका. तिथं पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, आणि पुरुषाचा पंचा दिसलाच तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तो पायाच्या अंगठ्यानं उचलून दोरापलीकडे टाकत. बायका तुंडू टाकत नसत. जुन्या लुगड्याचं फडकं टाकत. त्यामुळे उजवीकडे कितीही बाजार भरला तरी डावीकडे रुपयाचं तिकीट रुपयालाच राहिलं होतं. आमची कमला अत्या तिथं पहिल्या रांगेत बसायची, अगदी कोपऱ्यात, तंबोऱ्याच्या जवळ.

अत्या अप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली, आणि मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करणारी. लग्नाआधी ती गाणं शिकली होती. तिचा तंबोरा घराच्या डागडुजीत विकला गेला, त्याची खोळ तेवढी ट्रंकेत राहिली होती. ती खोळ म्हणजे एक जुनं सुती लुगडं, गडद तांबडं, मोहरीच्या रंगाच्या काठाचं. अत्या फारशी बोलायची नाही. हाक मारली तर ओ द्यायची नाही, पंगतीत कुणी काही विचारलं तर नुसती बघायची. घरात सगळे तिला शिष्ट म्हणत. आई तर म्हणायची, चार राग काय शिकली, आम्हाला मोजतच नाही. खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती. एकदा ती रगड्यावर इडलीचं वाटत होती आणि मी तिच्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ बडबडत होते. तिनं रगडा थांबवला आणि मला उजवीकडे येऊन बसायला सांगितलं. मग म्हणाली, “त्या कानांत कांहीं नाहीं अत्तां. ह्या कानांत थोडं आहे. कोणाला सांगूं नकों, होस्टेलांतलं काम जाईल.” म्हणून ती पहिल्या रांगेत, कोपऱ्यात बसायची. तिथून उजवा कान बरोबर गाणाऱ्याकडे व्हायचा. संध्याकाळी रेडिओवर गाणं लागलं की ती रेडिओ पुसायचं निमित्त करून कान त्याला टेकवायची, आणि मी फडकं हातात देऊन तिथं कुणी येत नाही ना ते पाहायची. आमची दोघींची ही चोरी दोन वर्षं कुणाला कळली नाही.

त्या वर्षी सभेनं एका फार मोठ्या गायिकेचं गाणं ठेवलं. ती आमच्याच भागातली, कावेरीकाठच्या एका खेड्यातली. गाणं थांबवून पुष्कळ वर्षं झाली होती. आपल्या मुलखात एकदा शेवटचं गाते, असं तिनं माधवरावांना कळवलं. शहर नुसतं पेटलं. अत्या तिकिटाच्या रांगेत पहाटेपासून उभी राहिली आणि दोन तरै टिकिटं घेऊन आली, एक तिचं, एक माझं. त्या दिवशी होस्टेलात तिला संध्याकाळचा फराळ करूनच सुटता येणार होतं. तिनं मला उजवीकडे बसवून सांगितलं, “अंबू, माझ्या जाग्याला फडकं टाकून ठेव. तोच कोपरा. ह्या वर्षी ऐकतें, पुढल्या वर्षी ऐकूं येईल कीं नाहीं, कोण जाणे.” मी हो म्हटलं.

मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते आणि सायकल कण्णनच्या स्टँडवर लावत होते. त्याला बायकांकडे फडकी टाकायला एक मुलगी हवी होती, गल्लीतली, ब्राह्मणाघरची, जिच्याकडे म्हाताऱ्या संशयानं पाहणार नाहीत. आणि मला हवी होती जांभळ्या नायलॉनची दावणी, परकरावर नेसायची ओढणी. ती दुकानात काचेमागं टांगलेली होती. आमच्या घरात नायलॉन येणं शक्य नव्हतं. मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहायलाही लाज वाटते: की यात चोरी नाही, की कुणाच्या घरात शिरत नाही, की विकत घेणारा राजीखुशीनं घेतो. अप्पांचं रविवारचं व्याख्यान मला पहिल्यांदाच उपयोगी पडलं. कण्णननं पाच तिकिटं दिली आणि पाच पंचे देऊ लागला. मी त्याला हसले. म्हटलं, पंचे टाकशील तर लाथेनं उडवतील, बायकांचं कापड पाहिजे. ही अक्कल माझी होती, त्याची नव्हे.

कापड कुठून आणायचं? मी ट्रंक उघडली आणि तंबोऱ्याची खोळ काढली. जुनीच तर आहे, तंबोरा कुठं आहे आता, असं म्हणून ती टर्रकन फाडली. काठासकट सहा तुकडे केले, पाच कण्णनसाठी आणि एक अत्यासाठी. तिचा तुकडा वेगळ्या कापडाचा असावा, एवढं साधं मला सुचलं नाही. दुपारी दारं उघडल्यावर मी आत गेले, कोपऱ्यात अत्याचं फडकं टाकलं आणि त्याला लागून ओळीनं पाच. दोन म्हाताऱ्या तिथं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोण कोण येतंय ग घरचं? मी म्हटलं, पाहुणे आलेत. बाहेर येऊन कण्णनला खूण सांगितली, तांबडं फडकं, मोहरी काठ, पहिली रांग. त्यानं दारातून मान घालून मोजलं, आणि एक तिकीट त्याच्या खिशात जास्तीचं होतंच.

पाचच्या सुमाराला अत्या आली. होस्टेलातून तशीच आलेली, पदराला हिंग-मोहरीचा वास, कपाळावर घाम. मी दाराशी उभी होते. ती माझ्याकडे पाहून हसली आणि तिकीट दाखवून आत शिरली. हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत सहा बायका बसल्या होत्या, सहा तांबड्या फडक्यांवर. कोपऱ्यात हिऱ्याच्या कुड्या घातलेली मद्रासची एक बाई होती. अत्या तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. बाई सभ्यपणे म्हणाली, की तिनं या फडक्याचे पैसे भरले आहेत. अत्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, बाईनं पुन्हा सांगितलं. अत्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा रांगेत हशा पिकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, बस की ग खाली, तंबोरा लागतोय. माधवराव दोरापाशी आले. बायकांकडेही पैसे घेतले गेले, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. अत्या एव्हाना खाली वाकली होती. फडक्याच्या काठाला एके ठिकाणी रफू होतं, तिनंच केव्हातरी केलेलं. त्यावर तिनं बोट ठेवलं, मग रांगेतल्या सहाही काठांवरून नजर फिरवली, आणि मग मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. माधवरावांनी मोठ्यानं विचारलं, “कमलाबाई, हें फडकें तुमच्या घरचं कीं?”

मला दहा पावलं चालून एक वाक्य बोलायचं होतं. कुड्या घातलेल्या बाईला उठावं लागलं असतं, कण्णन पकडला गेला असता, अप्पांची कमिटीत शोभा झाली असती, आणि अत्या तिच्या कोपऱ्यात बसली असती. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

“नाहीं,” अत्या म्हणाली, “आमचं नव्हे तें.” आणि ती बायकांमधून वाट काढत सगळ्यांत मागं गेली, चपलांच्या ढिगाशेजारी, जिथं पंखाही नव्हता. भिंतीला पाठ लावून बसली आणि उजवा कान स्टेजकडे केला.

मी बाहेर पडले. माझं तिकीट परकराच्या नाडीत तसंच होतं. सायकल स्टँडवर जाऊन एका मोडक्या सायकलीच्या कॅरियरवर बसले आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलले नाही. हॉलमधून टाळ्यांचे आवाज येत होते, तेवढे ऐकू आले. कण्णननं माझ्या हातात पैसे ठेवले. धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, सहा होती तंगच्ची, सहा विकली, सहाव्याचेही घे. मी घेतले, तोंडावर फेकले नाहीत. माझ्या लिखाणात कुणी त्या मुलीबद्दल दया शोधू नये. दावणी मी आणली, आणि एकदाही नेसले नाही, हेही काही पुण्याचं काम नव्हे. घरी नेसायची हिंमत नव्हती.

पुढच्या वर्षी कमिटीनं ठराव केला. बायकांकडेही ब्लॅक शिरला म्हटल्यावर माधवरावांकडे बोलायला काही उरलं नाही. जमखाना उचलला गेला, जमिनीवर लोखंडी खुर्च्या आल्या, त्यांना नंबर आले आणि दर वीस रुपये झाला. ब्लॅक खरंच बंद पडला, कारण ब्लॅकचा भाव सभेनंच लावला होता. अप्पा त्या रविवारी दोनदा रसवांगी वाढून घेऊन जेवले. माधवरावांनी सेक्रेटरीपद सोडलं, आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या हॉलच्या खिडकीपाशी उभ्या राहू लागल्या. अत्या त्यानंतर सभेला गेली नाही. ती गायिकाही पुन्हा कुठं गायली नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी उठले तेव्हा मागच्या अंगणातल्या दोरीवर सहा तांबडी फडकी वाळत होती. सगळे निघून गेल्यावर ती तिनं हॉलमधून गोळा करून आणली होती आणि पहाटे विहिरीवर धुतली होती. अत्या स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. अप्पा पुढच्या तिण्ण्यावर, म्हणजे ओट्यावर, पेपर वाचत होते, आई कॉफी गाळत होती. मी जाऊन अत्याच्या उजव्या बाजूला बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, तिच्या कानाशी. कण्णनचं, दावणीचं, पाच तिकिटांचं, खोळ फाडल्याचं. सांगता सांगता रडले. तिच्या पायाला हात लावला. मी मनात पुष्कळ तयारी केली होती. ती मारेल, नाहीतर अप्पांना सांगेल, नाहीतर जवळ घेईल, या तिन्हींतलं काहीही मला चाललं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातली अर्धी वाटी खवून संपवली, खोबरं ताटात सारखं केलं.

“झालं?” ती म्हणाली. “तें अस्के सगळं राहूं दे. मागून मला कांहीं ऐकूं आलं नाहीं. मृदंगवाल्याचे हात दिसत होते, त्यावरनं ताल धरला. शेवटीं तिनं काय म्हटलं, तेवढं सांग.”

मी मान खाली घातली. मग म्हटलं, मी बाहेर होते.

तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं विळी बाजूला सारली, माझ्याकडे आणखी सरकली आणि पदर मागं करून उजवा कान अगदी माझ्या तोंडापाशी आणला. ती डोळे मिटून वाट पाहत होती. दुसऱ्यांदा मला ते ओरडून सांगावं लागलं.